पंखा हवा थंड करत नाही, मग तो करतो काय?

परवा दुपारी मावशीचा फोन. मेन रोडला एका दुकानात उभी होती, मागून गाड्यांचे हॉर्न. "अरे, हा दोन पंखे दाखवतोय, एक १,५०० चा, एक ३,००० चा. दोन्ही ४८ इंची, दोन्हीला तीन पाती, रंगसुद्धा तोच चॉकलेटी. मग दुप्पट पैसे कशाचे? आणि हे तारे कसले चिकटवलेत, हॉटेलसारखे?" मी नाशिकच्या अंबडला मोटर टेस्टिंगच्या कामाला आहे, त्यामुळे घरातल्या मिक्सरपासून गावाकडच्या पंपापर्यंत सगळे फोन मलाच येतात आणि एप्रिल लागला की पंख्याचे जास्त. तिला म्हटलं आत्ता काही घेऊ नकोस, संध्याकाळी घरी येतो.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल, म्हणजे पंखा वीज किती जपून वापरतो ते सांगणारे तारे, सक्तीचं झालं आणि तेव्हापासून दुकानात जाणाऱ्याचा गोंधळ वाढलाय. आधी फक्त कंपनी आणि रंग बघायचा असायचा, आता बीएलडीसी, आरपीएम, सीएमएम असलं काय काय कानावर पडतं. तर मावशीला त्या संध्याकाळी जे सांगितलं तेच जरा नीट मांडून लिहितोय.

सुरुवात माठापासून

पंख्याखाली थर्मामीटर टांगून बघा. मी मावशीच्या हॉलमध्ये हेच केलं, भिंतीवरचं साधं थर्मामीटर काढून पंख्याच्या खाली खुर्चीच्या पाठीला बांधलं. पंखा बंद असताना ३६, पाचवर पंखा ठेवून पंधरा मिनिटांनी परत ३६. मावशी म्हणाली तुझं थर्मामीटर बिघडलंय. मग त्याच थर्मामीटरच्या खालच्या टोकाला ओल्या रुमालाची चिंधी गुंडाळली, आणि पारा हळूहळू उतरत २३ पर्यंत आला. हवा तीच आणि पंखा तोच, फरक फक्त त्या ओल्या चिंधीचा.

म्हणजे पंखा हवा थंड करत नाही. तो आपल्याला थंड करतो, कारण आपण ती ओली चिंधी आहोत. माठातलं पाणी गार का होतं हे शाळेत शिकलोय, माठाला बारीक छिद्रं असतात, पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना माठातली उष्णता घेऊन जातं. घामाचं अगदी तेच. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता अंगातून उचलून नेतो, विजेच्या भाषेत पाऊण युनिटला थोडी कमी. पण घाम वाळायला अंगाजवळची हवा कोरडी पाहिजे. नुसते बसून राहिलो की कातडीलगत काही मिलिमीटरचा दमट, गरम हवेचा थर साचतो, घोंगडी पांघरल्यासारखा. पंखा तो थर सतत पुसून काढतो, एवढंच त्याचं काम.

म्हणून नाशिकच्या एप्रिल-मे मधल्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्याखाली बसलं की लगेच बरं वाटतं, आणि तोच पंखा मुंबईत भावाकडे गेलो की फुल्लवर असूनही शर्ट पाठीला चिकटतो. तिथल्या हवेत आधीच इतकी वाफ आहे की घामाला जायला जागा नाही. पावसाळ्यात माठातलं पाणी उन्हाळ्याइतकं गार होत नाही त्याचंही कारण हेच.

यातून एक गोष्ट आपोआप निघते, रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवला तर खोली थंड होत नाही, उलट गरमच होते, अगदी थोडी पण होते. पंखा जेवढी वीज खातो तेवढी शेवटी उष्णता होऊनच त्या खोलीत पडते. "मी येईपर्यंत खोली गार होऊ दे" म्हणून पंखा लावून भाजीला जाणारे लोक मला माहिती आहेत, आमच्या घरातच आहेत.

मग पारा ४० च्या वर गेला की?

हा प्रश्न गेल्या काही उन्हाळ्यांत नाशिकलाही विचारायची वेळ आलीय. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ च्या आसपास असतं. हवा त्याच्यापेक्षा गरम झाली की पंखा दोन उलट कामं एकदम करतो, घाम वाळवून थंडावा देतो आणि गरम हवा अंगावर आदळून उष्णताही देतो. घाम भरपूर येत असेल, पाणी पिणं चालू असेल तर पहिलं काम जिंकतं. पण जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की ४० अंशांच्या वर नुसत्या पंख्यावर अवलंबून राहू नका, तेव्हा तो शरीर तापवायला लागतो. म्हातारी माणसं, ज्यांना घाम कमी येतो, त्यांना हा धोका जास्त. उपाय सोपा आहे, अंगावर ओला पंचा घ्यायचा किंवा हातापायाला पाणी लावायचं आणि मग पंख्याखाली बसायचं, घाम नसला तरी वाळायला पाणी मिळालं पाहिजे.

मावशीची तक्रार वेगळी होती, "दुपारी नाही रे, संध्याकाळी सात-आठला पंखा गरम हवा फेकतो." वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सगळ्यांची ही तक्रार असते आणि ती शंभर टक्के खरी आहे. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी खालच्या बाजूने उष्णता सोडतो, छताला लागून गरम हवेचा थर जमतो, आणि पंखा हवा घेतो ती वरूनच. त्यामुळे तो थर ओढून डोक्यावर टाकतो. यात पंख्याचा काही दोष नाही, पंखा बदलून हे जाणार नाही, स्लॅबवर पांढरा रंग मारला किंवा संध्याकाळी खिडक्या उघडून ती हवा बाहेर जाऊ दिली तर जाईल. तिला हे पटायला वेळ लागला कारण तिने पंखा बदलायचं मनात पक्कं केलं होतं.

पुठ्ठा कसा धरता यात सगळं आलं

लाइट गेली की आपण वहीचा पुठ्ठा घेऊन वारा घालतो ना, तो आता हातात आहे असं समजा. पुठ्ठा कडेवर धरून हलवला, म्हणजे धार पुढे ठेवून, तर हात सहज हलतो पण वारा शून्य. पूर्ण रुंद बाजूने हलवला तर वारा येतो पण दोन मिनिटांत मनगट भरून येतं. मध्येच कुठेतरी थोडा तिरपा धरला की कमी कष्टात बऱ्यापैकी वारा मिळतो. पंख्याच्या पात्याचा तिरकेपणा म्हणजे हेच, आणि इथे मनगट म्हणजे मोटर. साध्या पंख्यांत पातं आडव्यापासून साधारण १० ते १५ अंश वाकवलेलं असतं. जास्त वाकवलं तर हवा जास्त ढकलली जाते पण मोटर दमते, हळू फिरते, तापते. कमी वाकवलं तर मोटर मजेत गरगरते आणि खाली काही येत नाही.

आणि इथेच दुकानातली एक गंमत आहे. "साहेब, ४०० आरपीएम, हाय स्पीड!" आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे. पण फेरे वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे पातं थोडं सपाट करणं, पुठ्ठा कडेवर धरण्यासारखं. फेरे जास्त दिसतील, आवाजही मस्त येईल, गिऱ्हाईक खूश, हवा मात्र तेवढीच किंवा कमी. नुसत्या आरपीएमवर पंखा घेऊ नका. विचारायचा आकडा दुसरा आहे, सीएमएम, म्हणजे मिनिटाला किती घनमीटर हवा. ४८ इंची पंख्याला भारतीय मानकाप्रमाणे किमान २१० तरी पाहिजे. २१० म्हणजे किती? १० बाय १२ ची खोली, १० फूट उंच, तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा असते. म्हणजे पंखा दर दहा सेकंदांनी एका खोलीएवढी हवा खाली ढकलतो, वजनात सांगायचं तर सेकंदाला जवळजवळ ४ किलो. छताला टांगलेल्या तीन पत्र्यांचं हे काम आहे, जरा वर बघा आणि विचार करा.

अजून एक बारकावा. ४८ इंची पंखा ३५० च्या स्पीडने फिरतो तेव्हा पात्याचं बाहेरचं टोक ताशी जवळजवळ ८० किलोमीटरने पळतं, हायवेवरच्या गाडीसारखं. तेच पातं मोटरजवळ, मध्यापासून अर्ध्या फुटावर, ताशी २० ने, रविवार कारंज्यावरच्या रिक्षासारखं. एकाच पात्याच्या दोन टोकांना इतका फरक, म्हणजे दोन्हीकडे एकच तिरकेपणा ठेवून कसं चालेल? चांगल्या पात्याला म्हणून पीळ दिलेला असतो, मोटरजवळ जास्त तिरपं आणि टोकाकडे सपाट होत जाणारं. काही पंख्यांत पात्याला रुंदीतही हलकी गोलाई असते, विमानाच्या पंखासारखी, त्याने हवा पात्याला धरून सरकते आणि मागे भोवरे कमी होतात.

माझ्या बहिणीने गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये एक फॅन्सी पंखा लावला होता, अरुंद, सरळ, लाकडासारखी दिसणारी सपाट पाती, मध्ये लाइट. दिसायला एक नंबर. पहिल्या उन्हाळ्यातच हॉलमध्ये टेबल फॅन आला, आणि वरचा पंखा आता फक्त लाइटसाठी चालू करतात. कंपनीचं नाव सांगत नाही, सगळ्यांचे तसले मॉडेल असतात.

चार पाती, पाच पाती लावली तर?

तर हवा त्या हिशोबात वाढत नाही. प्रत्येक पातं पुढच्या पात्याने घुसळून ठेवलेल्या हवेतून जातं, पाती वाढली की ते एकमेकांच्या जास्त जवळ येतात, मोटरवर ओझं वाढतं आणि स्पीड उतरतो. अमेरिकेत चार-पाच पात्यांचे पंखे दिसतात कारण तिकडे मुख्य काम एसी करतो, पंखा नुसता हळू, आवाज न करता हवा फिरवायला. आपल्याला वारा अंगावर पाहिजे, तीन पाती हलकी पडतात, स्वस्त पडतात आणि तोलही नीट सांभाळता येतो.

आकार मात्र मोठा फरक करतो. तशाच घडणीचा पंखा त्याच स्पीडवर फिरत असेल तर हवा आकाराच्या घनाप्रमाणे वाढते. ३६ इंचीच्या जागी ४८ इंची म्हणजे आकार १.३३ पट आणि हवा २.३७ पट, अर्थात खर्च होणारी ताकद त्याहून जास्त वाढते, म्हणून कंपन्या मोठे पंखे थोडे हळू फिरवतात. खोलीत बसत असेल तर छोटा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा हळू फिरवलेला कधीही बरा.

पंख्याच्या वर जागा पाहिजे, आणि पीओपीवाला ऐकत नाही

खाली फेकायची तेवढी हवा पंख्याला वरून मिळाली पाहिजे. ती फरशीवर आपटते, भिंतीकडे पसरते, भिंतीने वर चढते आणि छतालगत परत मध्ये येते, असा गोल चालू असतो. पातं छताला चिकटून असेल तर वरून आत यायलाच वाट नाही, पंखा फिरतो पण उपाशी. छतापासून पात्यापर्यंत किमान एक फूट तरी सोडा. जुन्या पेठेतल्या वाड्यांत उंच छतं आणि लांब रॉडचे पंखे होते, तिथे हा प्रश्नच नव्हता, तिथे उलट रॉड लांब घेऊन पंखा माणसाजवळ आणायला लागायचा. आता ९ फुटांच्या फ्लॅटमध्ये लोक पीओपीचं फॉल्स सीलिंग करतात, पाच-सहा इंच तिथे गेले, डोक्याला लागेल म्हणून रॉड आखूड केला, आणि मग म्हणतात नवीन पंखा वारा देत नाही. फरशीपासून पातं ७ ते ८ फुटांवर, वर एक फूट मोकळा, हे आधी मोजा आणि मग सीलिंगवाल्याला बोलवा.

मोटर, म्हणजे जात्यावर बसलेल्या दोघी

आता ते दुप्पट पैसे. पंख्याची मोटर इतर मोटरींपेक्षा उलटी असते, आतला भाग हुकला टांगून स्थिर आणि बाहेरचा डबा पात्यांसकट फिरणारा. आतल्या स्थिर भागावर तांब्याच्या तारेची वायंडिंग असते. तिच्यात वीज गेली की लोहचुंबक तयार होतो, आणि आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होणारी, त्यामुळे तो चुंबकही नुसता मागेपुढे होतो. मागेपुढे होऊन गोल फिरणार कसं?

जातं आठवा. एकच बाई खुंटा धरून नुसता सरळ पुढे-मागे ढकलेल तर जातं जागच्या जागी डुगडुगेल. समोर दुसरी बसली आणि तिने पहिलीच्या थोडं मागून आपला हात लावला की जातं गरगर फिरतं. पंख्यात ही दुसरी बाई म्हणजे दुसरी वायंडिंग, आणि तिचा हात मुद्दाम थोडा वेगळ्या वेळी लावायचं काम कंडेन्सर करतो, ती बोटभर काळी किंवा पांढरी डबी, बहुतेक पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडची. कंडेन्सर मेला की पंखा नुसता हूं करतो. लहानपणी आमच्याकडे असा एक पंखा होता, आजोबा कुंच्याच्या दांड्याने पात्याला ढकलायचे मग तो सुरू व्हायचा, आणि गंमत म्हणजे ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरायचा, उलटा ढकलला तर उलटा. (तुम्ही हे करू नका, वायंडिंग तापून जळते.) पंखा जुना झाला, हळू झाला म्हणून फेकून देणाऱ्यांनी आधी कंडेन्सर बदलून बघावा. शंभराच्या आत काम होतं आणि दहातल्या बऱ्याच पंख्यांना तेवढंच झालेलं असतं.

आता वीज कुठे जाते बघा. घरात दहा-पंधरा वर्षं लटकलेला साधा पंखा ७५ वॉट खातो. सेकंदाला ४ किलो हवेला तेवढा वेग द्यायला लागणारी ताकद ढोबळ काढली तर २० वॉटच्या आतबाहेर येते. मग बाकीचे ५०-५५? थोडे पात्याच्या घर्षणात आणि भोवऱ्यांत, आणि बरेचसे मोटरीच्या आत उष्णता होऊन. रात्रभर चाललेला पंखा सकाळी बंद करून मधल्या डब्याला हात लावून बघा, तो गरम लागतो ना, ते आपलं लाइट बिल.

उष्णता इतकी का? कारण बाहेरच्या फिरत्या भागाकडे स्वतःचा चुंबक नसतो. आतल्या चुंबकाने त्याच्यात वीज निर्माण करायची, त्या विजेने त्याचा तात्पुरता चुंबक व्हायचा, मग ओढाओढ. उसनवारीचा धंदा, आणि उसन्याला व्याज आलंच.

बीएलडीसी म्हणजे व्याज बंद

मावशीला दाखवलेला ३,००० वाला हा बीएलडीसी. बीएलडीसी पंख्यात बाहेरच्या भागावर कायमचे लोहचुंबक चिकटवलेले असतात. उसनं घ्यायची गरजच नाही. आत एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, तो घरातली वीज एकदिशा करून घेतो आणि चुंबक कुठे पोचलाय ते ओळखून बरोबर पुढच्या वायंडिंगला चालू करतो, दुसरी बाई नाही की कंडेन्सरचा भरवसा नाही. तेवढीच हवा ३० वॉटच्या आसपास मिळते. व्होल्टेज कमी असलं तरी बोर्ड सांभाळून घेतो, संध्याकाळी आमच्या भागात ट्यूब मंद होते तेव्हा साधा पंखा रडतो आणि हा तसाच चालतो.

पण जाहिरातीतला हिशोब नीट वाचा. "६० टक्के बचत" हे ७५ वॉटच्या जुन्या पंख्याशी तुलना करून. दुकानातला आजचा स्वस्त पंखा ७५ चा नाही, स्टार सक्तीमुळे तो ५० च्या आसपास आलाय. आता मावशीचं गणित. पंखा दिवसाला १५ तास धरा, वर्षातले ८ महिने, कारण नाशिकच्या थंडीत पंखा कोण लावतो, निफाडकडे तर शेकोट्या पेटतात. बिलातले सगळे आकार धरून युनिटला १० रुपये धरू. ५२ वॉटच्या ऐवजी ३२ चा घेतला तर महिन्याला ९ युनिट वाचले, वर्षाला ७२ युनिट, ७२० रुपये. जास्तीचे दीड हजार वसूल व्हायला दोन वर्षं. घरातला ७५ चा जुना काढून ३० चा लावला तर महिन्याला २० युनिट, वर्षाला १,६०० रुपये, पूर्ण पंख्याची किंमतच दोन वर्षांत निघते. आणि पाहुण्यांच्या खोलीत जिथे दिवसाला तासभर चालतो तिथे? तिथे दीड हजारवालाच घ्या, बीएलडीसीचे पैसे नातवंडांच्या लग्नापर्यंत निघणार नाहीत.

तारे कसे मोजतात

यासाठी एकच भागाकार. हवा, म्हणजे तो सीएमएमचा आकडा, भागिले वॉट. ४८ इंचीसाठी २०२३ ला लागू झालेल्या तक्त्यात ४ ते ४.५ आलं तर एक तारा, पुढे दर अर्ध्याला एक, आणि ६ च्या वर पाच तारे. २२० हवा आणि ५२ वॉट, भागाकार ४.२, एक तारा. २२० आणि ३२ वॉट, ६.९, पाच तारे. मावशीच्या जुन्याचा २.९, तो या वर्गातच बसला नसता.

यात एक मेख आहे. तारे हवा किती ते सांगत नाहीत, वॉटमागे किती ते सांगतात. २१० हवा देणारा पाच तारेवाला आणि २४० देणारा चार तारेवाला असे दोन समोर आले तर वरच्या मजल्यावरच्या माणसाने चार तारेवाल्याचाही विचार करावा. डब्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात, चष्मा लावून वाचावं लागतं एवढंच.

हळू ठेवला तर बिल कमी येतं का?

येतं, पण किती ते रेग्युलेटरवर. जुना तो मोठा काळा चौकोनी डबा, गोल बटणाचा, त्याच्या आत अडथळ्याची तार असायची. पंख्याला कमी वीज मिळायची आणि उरलेल्यातली बरीचशी त्या डब्यात उष्णता होऊन जायची, म्हणून तो तापायचा. आताच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये तसं होत नाही, वाचलेली बरीचशी खरंच वाचते. काही स्वस्त रेग्युलेटर विजेची लाट कापून देतात त्याने पंखा घूं घूं करतो, ते पंख्याचं दुखणं नाही.

मुळात स्पीड कमी करण्यात मोठा फायदा दडलाय. पंखा अर्ध्या स्पीडने फिरवला तर हवा अर्धी येते, पण हवा ढकलायला लागणारी ताकद आठवा भाग होते, कारण ती स्पीडच्या घनाने बदलते. साध्या मोटरला हा फायदा पुरता घेता येत नाही, ती कमी व्होल्टेजवर चाचपडते आणि तापते. बीएलडीसी घेते, एक नंबरवर पाच-सात वॉटमध्ये चालते. रात्री दोननंतर पाचवरून तीनवर आणा, अंगालाही बरं. फक्त बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर जोडू नका, तो काढून साधं बटण ठेवायचं, नाहीतर बोर्ड जातो.

"आणि बोर्ड उडाला तर?"

हे मावशीने शेवटी विचारलं आणि हा प्रश्न खरा आहे. साधा पंखा जळला तर भद्रकालीत वायंडिंगवाला तीन-चारशेत करून देतो. बीएलडीसीचा बोर्ड वळवाच्या पावसात विजा कडाडताना गेला तर तो मनुष्य हात वर करतो, बोर्ड कंपनीकडूनच यायचा. शेजारच्या काकांना पावणेदोन महिने थांबावं लागलं, भर जूनमध्ये. त्यामुळे घेताना वॉरंटी बोर्डवरही आहे का, घरी येऊन करतात का, हे बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. आणि रिमोट सोफ्याच्या फटीत गेला तर भिंतीच्या बटणावरून पंखा चालू होऊन स्पीड बदलतो का तेही दुकानातच बघा.

पंखा हलतो तेव्हा

कंपनीतून तीन पाती एकाच वजनाची जुळवून एका खोक्यात भरतात. दोन पंख्यांची पाती एकदम उतरवून धुतली आणि अदलाबदल झाली की जुळणी मोडली. दिवाळीच्या साफसफाईनंतर पंखे हलायला लागतात त्याचं अर्धं कारण हे, अर्धं म्हणजे पुसताना पातं धरून त्याचा आधार घेतला जातो आणि ते एक-दोन अंश वाकतं. पुसायला जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून ओढून घ्या, धूळही खाली पडत नाही आणि जोरही लागत नाही. पुसायलाच पाहिजे, कारण धूळ नेमकी पुढच्या धारेवर जमते, जिथे पातं हवेला पहिल्यांदा भिडतं, आणि ती गोलाई बिघडवते.

तर मावशीने तीन हजारवाला हॉलमध्ये घेतला, आतल्या खोलीतल्याचा कंडेन्सर बदलला. नवीन पंखा लावताना वायरमनने एक पातं जरा वाकवलंच, पंखा गोल गोल डुलायला लागला. एकेका पात्यावर एक रुपयाचं नाणं चिकटपट्टीने लावून बघितलं, तिसऱ्यावर डुलणं थांबलं. ते नाणं अजून तिथेच आहे, मावशी म्हणते हा रुपया काढायचा नाही, पंख्याचा आहे.